पोळ्याची खूण

२१ ऑगस्ट

आज स्वयंपाकघरात दोन मारल्या. एक चपलेने, एक नुसत्या तळव्याने, खिडकीच्या काचेवर. आई म्हणाल्या, "अहो, काच फुटेल." फुटू दे!

बायको होती तेव्हा गांधीलमाशी दिसली की मी खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत जायचो. ती हसायची. "तुम्ही आपले कागदावरच बरे." खरं होतं. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे काढतो. बाग तिची. अंजिराचं प्रत्येक झाड तिने लावलं. मी फक्त ओळी आखून दिल्या, तेही सुट्टीच्या दिवशी, डोक्यावर छत्री धरून.

आता रजा काढून घरी आहे. अंजीर पिकायला लागलं आहे. घरात मी आणि तिची आई. सासूबाई कधी म्हटलं नाही, पहिल्यापासून आईच म्हणतो. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते कळत नाही. त्या भांडी घासतात, मी माश्या मारतो.

२३ ऑगस्ट

भेटायला येणारे संपत नाहीत. आज कार्यालयातले मोठे साहेब आले, बायकोसह. दारात बूट काढताना बाई इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "इथे घरात नसतात ना त्या?" मग चहा झाला. मग साहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काय असतं, रोज तेच काम केलं की माणूस बेसावध होतो."

बेसावध!

मी म्हणालो, "हो." माझं हे असंच. तोंडातून "हो" निघतं आणि पाहुणे फाटकाबाहेर गेले की मी भिंतीशी भांडतो. म्हणून ही वही काढली. निदान इथे तरी "हो" म्हणायला नको.

ती बेसावध नव्हती. गवत कापायला जाताना तिचा थाट बघायला हवा होता. जाड पँट बुटांत खोचलेली, पुऱ्या बाह्या, हातमोजे, तोंडावर जाळी, कानांवर ती मोठी कानझाकणं. आई म्हणायच्या, "ही गवत कापायला चालली आहे की लढाईला?" आणि तिचा नियम होता. पोळं ज्याला दिसेल त्याने तिथे पिवळी चिंधी बांधायची. जुन्या पडद्याच्या चिंध्या आईंनी कातरून डब्यात भरून ठेवलेल्या, शेडमध्ये. कोणाला सांगत बसायचं नाही. चिंधीच सांगते. पिवळं दिसलं की गवत कापायचं मशीन बंद, लांबून वळसा. थंडी पडून पोळं रिकामं झालं की ज्याने बांधली त्यानेच सोडायची. इतर कोणी हात लावायचा नाही.

पोळी जाळू मात्र द्यायची नाही. "झाडावरच्या अळ्या खातात त्या. आपल्या बिनपगारी कामगार आहेत." बिनपगारी कामगार! त्यांनीच कॉलरमधून आत शिरून तिला मारलं. दवाखान्याच्या वाटेवरच गेली ती.

शेवटच्या ओळीत, कुंपणाच्या तारेखाली, उंदराच्या जुन्या बिळात ते पोळं आहे. तिथे पिवळं काही नव्हतं. असतं तर ती गेलीच नसती. इतकं साधं आहे. साहेबांना हे सांगायला हवं होतं. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो.

२४ ऑगस्ट

मशीन अजून तिथेच पडलं आहे. कोणाची हिंमत नाही. माझीही नाही.

२६ ऑगस्ट

लांबू कामावर आला. बागेतला आमचा गडी. उंच फांदीला त्याला शिडी लागत नाही म्हणून लांबू. खरं नाव त्याच्या बायकोलाच आठवत असेल. ती गेली त्या दिवशी तो नव्हता, मुलीच्या बाळंतपणाला गेला होता. अंत्यविधीला आला तेव्हा लांब भिंतीशी उभा राहिला आणि न बोलता निघून गेला.

आज मी शेडमध्ये अंजिराच्या पेट्या पुसत होतो. समोर येऊन उभा राहिला, टोपी हातात.

"साहेब, त्या पोळ्याला खूण होती."

"कुठल्या?"

"त्याच. मला जायच्या आदल्या संध्याकाळी दिसलं होतं. डब्यातल्या चिंध्या संपलेल्या. म्हणून माझा रुमाल बांधला तारेला. निळ्या चौकड्यांचा. ताईंनीच दिलेला, तुमच्यासारखाच."

"निळा? पिवळं म्हणजे पिवळं असा नियम आहे ना?"

"ताई ओळखायच्या. मागे मी एकदा मोजा बांधला होता. तोही ओळखला होता. आठवडाभर हसत होत्या."

हे खरं आहे. मोज्याची गोष्ट तिने मला सांगितली होती. आणि ते खरं आहे म्हणूनच मला जास्त राग आला.

"मग रुमाल कुठे आहे?"

"तेच कळत नाही."

"सुटून उडाला?"

"माझी गाठ सुटत नाही, साहेब. ताईंना विचा—" आणि थांबला.

दोघे गेलो बघायला. जितकं जवळ जाता येईल तितकं. माश्या बिळातून एकामागून एक सुटत होत्या, जणू काही झालंच नाही. तारेला काही नव्हतं. खाली गवत छातीपर्यंत. पलीकडच्या उतारावरही बघितलं. रुमाल नाही.

"गिळला वाटतं माश्यांनी!" मी म्हणालो. मी असं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. "खूण होती आणि ती दिसत असून तिने मशीन घातलं, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतोस? बांधायला विसरलास. मुलीकडे जायची घाई. आता अंगावर येईल म्हणून रुमालाची गोष्ट रचलीस. तीही मेलेल्या माणसाची साक्ष काढून! खोटारडा आहेस तू!"

तो खाली वाकला नाही, रडला नाही. माझ्यापेक्षा एवढा उंच, आणि वरून माझ्याकडे नुसता बघत राहिला. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

टोपी घातली आणि गेला.

दिवसभर हाच हिशोब मांडतो आहे. त्याचं खरं धरलं तर तिचं चुकलं. खूण समोर असून ती आत शिरली, म्हणजे सगळे म्हणतात तशी बेसावध. तिचं चुकलं नव्हतं. म्हणजे तो खोटं बोलतो. तिसरं काही मला दिसत नाही.

२७ ऑगस्ट

आई म्हणाल्या, "लांबू दिसला नाही आज."

"काढलं त्याला."

"काढलं? का?"

"खोटं बोलला."

"काय खोटं बोलला?"

"जाऊ द्या."

त्यांच्याशी त्या दिवसाबद्दल बोलणं मला जमत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी. त्यांच्यासमोर मी पोळं, रुमाल, गाठ असलं काय बोलू? ताटातला घास तोंडात घातला.

"लांबू खोटं बोलणारा माणूस नाही," त्या म्हणाल्या. "माझी दहा उणीदुणी काढेल, पण खोटं नाही बोलणार. मागे माझी भाजी खारट झाली तेव्हा अख्ख्या घरात तो एकटाच म्हणाला."

भाजीचं प्रमाणपत्र!

२८ ऑगस्ट

एकट्याने अंजीर उतरवलं. फांदी खाली ओढायला लांबूचे हात हवेत. मी शिडी इकडून तिकडे नाचवतो आहे. देठाचा पांढरा चीक मनगटाला लागून खाज सुटली आहे. पिकलेलं फळ हातात घ्यावं तर हलकं लागतं. उलटं केलं की मागून पोखरलेलं, आत माशी, मान खाली घालून खाते आहे. निवांत! मी फळासकट चिरडली. हात चिकट झाला आणि बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला.

डॉक्टर म्हणाले होते, "कोणाला शंभर चावल्या तरी काही होत नाही, कोणाला थोड्याशाच पुरतात. शरीर असतं एकेकाचं." इतक्या सहज म्हणाले, जणू बुटाचं माप सांगत होते.

आई दुपारी शेवटच्या ओळीकडून कपड्यांची बादली घेऊन येताना दिसल्या. तिथे ऊन उशिरापर्यंत असतं म्हणून त्या कुंपणाच्या तारेवर कपडे वाळत घालतात. मी शिडीवरून ओरडलो, "तिकडे जाऊ नका म्हणून सांगितलंय ना!" त्या म्हणाल्या, "मी अलीकडेच घातलेत. आणि मला काही करत नाहीत त्या. मी काय मशीन घेऊन जाते?"

चिमट्यांचे डाग पडतात म्हणून लहान कपडे तारेला गाठ मारून बांधतात. त्यामुळे माझ्या सगळ्या रुमालांचा एक कान चुरगळलेला. कार्यालयात विचारतात, "काय हो, बायकोने काय आणायला सांगितलंय, की गाठ मारून ठेवली?" ती होती तोवर मीही हसायचो.

३० ऑगस्ट

आज घरात भांडण झालं. आमच्या घरात!

कपाट उघडं होतं. आई पलंगावर बसून तिचा हिरवा झगा कात्रीने उसवत होत्या. बाजूला तिचा कामाचा शर्ट, निळी सलवार, आणखी दोन-तीन. मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"गोधडी करते आहे. अर्धी आधीच शिवून झाली आहे. उरलेली तिच्या कपड्यांची करते."

"मला विचारायचं तरी!"

"तुम्हाला विचारलं तर तुम्ही 'हो' म्हणाल आणि चार दिवस तोंड फिरवून बसाल."

हे बरोबर होतं, म्हणून मी आणखी ओरडलो. की माणूस जाऊन धड महिना नाही झाला आणि कापाकापी सुरू. की या घरात चिंधी, दोरा, बटण काही टाकायचं नाही, सगळं गोळा करून शिवून ठेवायचं. की तिचा वास असलेले कपडे आहेत ते.

आईंनी कात्री खाली ठेवली. "कपाटात ठेवून तुम्ही काय करणार? मला थंडी वाजते, जावईबापू. मला तिच्या कपड्यांत झोपायचं आहे."

मी बागेत गेलो आणि रिकाम्या पेट्यांना लाथा मारल्या.

३१ ऑगस्ट

आई बोलत नाहीत. ताट मांडतात आणि म्हणतात, "जावईबापू, वाढलंय." मी जावईबापू झालो की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

२ सप्टेंबर

पेट्यांना लागणारे खिळे आणायला दुकानात गेलो. लांबू तिथे. दुकानदार एकदम कामात असल्यासारखा तराजू पुसायला लागला. म्हणजे सगळ्यांना कळलेलं आहे.

मी खिळे घेतले आणि निघालो. तो मागोमाग बाहेर आला.

"साहेब, कामावर नका घेऊ. दुसरीकडे मिळेल. पण खोटारडा म्हणालात, तेवढं परत घ्या."

"रुमाल दाखव, परत घेतो."

"नाही ना दाखवता येत."

"मग?"

"मग काय. तुम्ही मोठे, तुमचं बरोबर." पुढे म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं, मी तिथे रोज मनाने जात नसेन? पिवळी नव्हती तर जाऊन सांगायला हवं होतं, असं मला वाटत नसेल? पण बांधला होता. दोन्ही हातांनी ओढून बांधला होता."

सायकलवर येताना सारखं ते "दोन्ही हातांनी" कानात. खोटं बोलणारा माणूस इतकं बारीक सांगतो? बोलतही असेल. मला काय माहीत खोटं बोलणारी माणसं कशी बोलतात. मी फक्त "हो" म्हणणारी ओळखतो.

घरी आल्यावर खिळे मोरीत सांडले. सगळ्या जगाला शिव्या घातल्या. तिलाही घातल्या. बिनपगारी कामगार म्हणे! जाळून टाकली असती सगळी पोळी तर आज मी कागदावर असतो आणि तू बागेत.

४ सप्टेंबर

ठरलं. पोळं संपवणार. चिंधी नाही, वळसा नाही, अळ्या-बिळ्या काही नाही.

कृषी दुकानातून पूड आणली. दुकानदाराने सांगितलं, अंधार पडायच्या बेताला जा, सगळ्या आत असतात, बिळाच्या तोंडात टाका आणि मागे वळून न बघता या. तिचा कामाचा शर्ट आई कापून बसल्यात, म्हणून माझाच घालून निघालो आहे. जाळी आहे. हातमोजे तिचे, मला तोकडे होतात.

५ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा पावासारखा फुगला आहे.

मागे वळून न बघता या, म्हणाला होता. मी पुढेच नीट बघितलं नाही! गवत तुडवत गेलो, आणि बीळ दिसायच्या आधी पायात काहीतरी लोखंडी आलं. तिचं मशीन. धडपडलो, हात टेकले ते नेमके उंचवट्यावर, पुडीचा डबा कुठे उडाला ते त्यालाच ठाऊक. आणि मग आवाज. तो आवाज तिने ऐकला नसणार, कानांवर झाकणे होती. बरं झालं. ऐकायचा आवाज नाही तो.

तोकडा हातमोजा आणि बाही यांच्यामधल्या मनगटावर सगळ्या. मानेवर दोन. पळालो. पळताना मी मोठ्याने शिव्या देत होतो असं आई म्हणतात. तोंडावर जाळी, हात वर, आणि त्या शिव्या! त्यांनी आयुष्यात माझ्या तोंडून ऐकल्या नव्हत्या. "मला वाटलं दुसराच कोणी आला."

त्यांनी शेजारच्यांची गाडी बोलावली. वाटेत माझा चांगला हात धरून बसल्या आणि "श्वास घ्या, श्वास घ्या" म्हणत राहिल्या. मी घेत होतो. डॉक्टरांनी एक सुई टोचली, तासभर बसवून ठेवलं आणि म्हणाले, "काही नाही. दोन दिवस सूज राहील."

काही नाही!

त्याच माश्या. तेच बीळ. तीच मान. तिला मारलं आणि मला म्हणे सूज! मला तिथेच डॉक्टरांच्या टेबलावरचं सगळं खाली लोटून द्यावंसं वाटलं. मी म्हणालो, "बरं."

६ सप्टेंबर

ताप. आईंनी लापशी भरवली, चमच्याने. नको म्हटलं तर म्हणाल्या, "उघडा तोंड. शिव्या द्यायला उघडतं ना." परत बोलायला लागल्या आहेत. जावईबापू नाही, नुसतं "अहो".

दुपारी हुडहुडी भरली. त्यांनी गोधडी आणून अंगावर घातली. पुरी झाली आहे. मी भांडलो होतो तीच. हिरवा झगा, निळी सलवार, कामाचा शर्ट, खिशासकट. खिशात हात घातला. त्या बघत होत्या. "छान झाली," मी म्हणालो. खरंच छान झाली आहे.

मग हनुवटीजवळचा तुकडा दिसला. निळ्या चौकड्या. एका कोपऱ्याला दुसरं ठिगळ.

"हा कुठला?"

"तो होय? तुमचाच रुमाल. ती जायच्या दिवशी सकाळी शेवटच्या ओळीतल्या तारेवरून काढला. मीच कधीतरी वाळत बांधला असणार आणि विसरले. अहो, काय गाठ बसली होती! दात लावले, सुटेना. शेवटी कात्री आणली आणि कोपराच कापला. मग तसा तुटका रुमाल तुम्हाला कार्यालयात कसा द्यायचा? म्हणून इथे घेतला. चांगलं कापड आहे."

त्या गोधडी माझ्या पायाशी खोचत होत्या. "पाय गार पडलेत तुमचे."

मी म्हणालो, "हो."

७ सप्टेंबर

सकाळी आई झोपलेल्या असताना शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. चार तारखेला मी गवत तुडवलं, म्हणून आता लांबूनही दिसते. तारेला गाठ आहे. बोटाच्या पेराएवढी, निळी. सुटलेली नाही.

तिथून तसाच लांबूच्या घरी. तो दारात दाढी करत होता. म्हणालो, "रुमाल सापडला. तुमचं खरं होतं. मी बोललो ते परत घेतो."

"कुठे सापडला?"

"कुंपणापलीकडे. वाऱ्याने गेला होता."

"वाऱ्याने?" वस्तरा हातात तसाच. "माझी गाठ?"

मी खाली बघत राहिलो. तो माझ्या सुजलेल्या हाताकडे बघत होता. मग हळूच विचारलं, "आजी अजून तिथेच कपडे वाळत घालतात का, साहेब?"

मला "हो" म्हणता येईना.

त्याने तोंडावरचा साबण पुसला. "असेल," म्हणाला. "त्या दिवसांत वारा होता खरा."